आच्छादणारा उजेड

एखादी वस्तू झाकली गेली म्हणजे तिचे नेमके काय झाले, हा प्रश्न वरवर पाहता बालिश वाटण्याजोगा असला, तरी आपल्या वेदान्तदर्शनाच्या इतिहासात त्याने जेवढी बुद्धी आणि जेवढी आयुष्ये खर्ची घातली, तेवढी फारच थोड्या प्रश्नांनी घातली असतील. ब्रह्म स्वयंप्रकाश आहे, त्यावाचून दुसरे काही नाही, आणि तरीही ते आम्हांला दिसत नाही, तेव्हा मध्ये कोणते तरी आवरण असलेच पाहिजे, असे अद्वैती म्हणतात. त्यावर रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात जे सात आक्षेप दाखल केले, त्यांपैकी एक तिरोधानाविषयीचा आहे, आणि मला तो सातांतही सर्वांत कठीण वाटत आला आहे. प्रकाश झाकणे याचे अर्थ दोनच संभवतात: एक तर प्रकाशाची उत्पत्ती अडवणे, नाही तर असलेल्या प्रकाशाचा नाश करणे. ब्रह्माच्या प्रकाशाला उत्पत्तीच नाही, म्हणून पहिला अर्थ बाद होतो; उरला दुसरा, आणि तो स्वीकारला तर ब्रह्म झाकले गेले असे म्हणणारा, ब्रह्म नष्ट झाले असेच म्हणत असतो.

अद्वैतमताने या आक्षेपाला दिलेली उत्तरे विद्वत्ताप्रचुर आहेत आणि त्यांची अवहेलना करण्याचा मला अधिकार नाही. परंतु झाकणारी वस्तू प्रत्यक्ष समोर ठेवून, ती कशाची घडली आहे, कोठे बसते आणि झाकते म्हणजे काय करते, याची रुजवात घेतल्याखेरीज माझ्या मनाचे समाधान होत नसे. ती रुजवात घेण्याची संधी मला कोणत्याही ग्रंथाने दिली नाही. ती दिली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका लहानशा खोलीने, जिथे माझा भाचा संगणकाच्या पडद्यावर लग्नाचे अल्बम, देवादिकांच्या तसबिरी आणि सहलीच्या जाहिराती सजवतो, आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे त्यांत धुके आणि ढग भरतो.

बडोद्यास हे घडावे यात मला योगायोगापेक्षा परंपरेचा भाग अधिक दिसतो. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली राजा रविवर्म्यांवर चौदा पौराणिक चित्रांची कामगिरी सोपवली, त्या चौदांत कंसाच्या हातून निसटून अंतरिक्षात प्रकटलेल्या योगमायेचेही एक चित्र होते. साक्षात मायेला तैलरंगात उतरवण्याचा हुकूम या संस्थानाच्या दरबारातून सुटला होता, ही गोष्ट मला विसरता येत नाही. दोनच वर्षांनी, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने येथे कलाभवन निघाले, आणि त्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रणाची विद्या शिकले. पुढे त्यांच्या चित्रपटांतले देव प्रेक्षकांसमोर शून्यातून प्रकट होऊ लागले, ते एकाच फितीवर पुन्हा पुन्हा प्रकाश घेण्याच्या युक्तीने. आणि त्या देवांपुढे नारळ फोडणाऱ्या भाविकांची श्रद्धा खोटी होती असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. १९५० साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात ललितकला विभाग सुरू झाला, तेव्हा नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार येथे शिकवावयास आले. दिसणे आणि असणे यांच्यामधल्या प्रांताची वहिवाट या गावाकडे अशी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे.

छायाचित्रात बाहेरून ढग आणण्याची चाल तर याहूनही जुनी. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटींवरचा मसाला निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलत असे. त्यामुळे जमीन आणि झाडे यथास्थित उमटेपर्यंत आकाश जळून पांढरेफटक होई, आणि प्रत्यक्षात मेघांनी भरलेले नभोमंडल कागदावर कोरे उतरे. यावर उपाय म्हणून फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र एका प्लेटीवर आणि आकाश दुसऱ्या प्लेटीवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर जुळवले. यंत्राने जे सत्य गाळले होते तेच कारागिराने हाताने परत आणले. अशा ढगांना असत्य म्हणावे की सत्याची भरपाई म्हणावी, याचा निकाल पाहणाऱ्याने खुशाल द्यावा, मला मात्र भरपाई हाच पक्ष बलवत्तर वाटतो.

आता हे काम संगणकावर कसे चालते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा युक्तिवाद या तपशिलावर उभा आहे. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये ‘क्लाउड्स’ नावाचा एक फिल्टर आहे. दोन रंग निवडून तो चालवला, की क्षणार्धात संपूर्ण पडदा मऊ, विरळ-दाट मेघांनी भरून जातो. या जातीच्या ढगांमागचे गणित प्रामुख्याने केन पर्लिन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली बसवले आणि १९८५ साली प्रसिद्ध केले, आणि त्याबद्दल चित्रपटांच्या अकादमीने १९९७ साली त्याचा तांत्रिक पारितोषिकाने गौरव केला. अवकाशात एक जाळी कल्पावयाची, तिच्या प्रत्येक गाठीला एकेक यदृच्छ दिशा नेमून द्यावयाची, दोन गाठींमधला प्रदेश अलगद एकमेकांत मिसळावयाचा, आणि मग तीच आकृती दुप्पट बारकाईने परंतु निम्म्या जोराने तिच्यावर पुन्हा पुन्हा चढवावयाची, एवढेच त्याचे तंत्र. दिशा नेमण्यासाठी पर्लिनने २५६ आकड्यांचा एक कायमचा तक्ता वापरला, म्हणून तोच आरंभ दिला तर तोच ढग हुबेहूब पुन्हा उगवतो. स्वैर दिसणाऱ्या आकाराच्या पोटात असा कडक कायदा असावा, ही गोष्ट स्वतंत्र चिंतनाला पात्र आहे. पण माझा आजचा विषय ढगापेक्षा धुक्याचा आहे, आणि धुके या तंत्राने पुरते साधत नाही.

कारण ढग नुसता आकाराने साधतो, धुक्याला अंतर कळावे लागते. पावागडाचे एक चित्र तयार होत असता हे मी जवळून पाहिले. बडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवरचा, ८०० मीटरांच्या आसपास उंचीचा हा डोंगर पावसाळ्यात अनेकदा मेघांत बुडून जातो, पण गिऱ्हाइकाचे छायाचित्र उन्हाळ्यातले होते आणि त्याला डोंगर धुक्यातला हवा होता. भाच्याने प्रथम चित्राचे अंतराप्रमाणे भाग पाडले: जवळची झाडे, मधली टेकाडे, मागचा कडा आणि सर्वांत मागे कालिकामातेचे शिखर. प्रत्येक दोन भागांच्या मध्ये त्याने एकेक स्वतंत्र लेअर घातला आणि त्या लेअरला मास्क जोडला. मास्कवर जेथे पांढरा ब्रश फिरेल तेथे धुके दिसावे, काळा फिरेल तेथे लोपावे, अशी योजना. मी विचारले, की सगळ्यावर एकदमच पांढरा रंग थोडा पातळ करून का ओतत नाहीस?

‘‘मामा, नुसता पांढरा ओतला की धुकं होत नाही, चुना लावल्यासारखं दिसतं,’’ तो म्हणाला. ‘‘लांबचं काळं आधी मारावं लागतं. जवळचं काळं काळंच ठेवायचं.’’

‘‘म्हणजे जवळच्या झाडापाशी धुकं नसतंच?’’

‘‘असतं ना. तिथेही तेवढंच असतं. पण तुमच्या आणि झाडाच्या मध्ये थोडं येतं, तुमच्या आणि डोंगराच्या मध्ये पुष्कळ येतं, एवढाच फरक.’’

शाळेनंतर वेदान्ताचे एक पानही न वाचलेल्या या मुलाने सहज उच्चारलेले हे वाक्य, सदानंदाच्या वेदान्तसारातला एक प्रसिद्ध दृष्टान्त मला नव्याने समजावून गेले. लहानसा मेघ अनेक योजने पसरलेल्या सूर्यबिंबाला झाकतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो सूर्याला स्पर्शही करीत नाही, तो फक्त पाहणाऱ्याच्या दृष्टिमार्गात उभा राहतो, असे सदानंद सांगतो. शंकराचार्यांच्या परंपरेत हस्तामलकाच्या नावाने चालणाऱ्या स्तोत्रातही हाच आशय आहे. आवरण वस्तूच्या अंगावर चढलेले नसते, ते दोघांच्या मध्ये असते. आणि म्हणून ते एकालाच अनुलक्षून मोजता येत नाही. वाचस्पतिमिश्रांच्या भामतीमताने अविद्येचा आश्रय जीव मानला, विवरणमताने तो ब्रह्मच मानला, आणि या मुद्द्यावर दोन्ही घराण्यांनी शतकानुशतके फिर्यादी लढवल्या. धुक्याचा लेअर पाहिल्यावर मला तरी असे वाटू लागले, की पावागडाच्या धुक्याचा मालक डोंगर की डोळा असे विचारण्यासारखेच ते आहे.

लेअरची आणखी एक गोष्ट येथे नोंदली पाहिजे, कारण तिचा रामानुजाचार्यांच्या आक्षेपाशी थेट संबंध पोचतो. चित्रावर शंभर टक्के अपारदर्शक पांढरा लेअर पसरला, तर पडद्यावर डोंगराचा मागमूसही उरत नाही. तथापि दप्तरात डोंगराची नोंद जशीच्या तशी शाबूत असते, एक कणही बदललेला नसतो, आणि लेअरसमोरच्या डोळ्याच्या खुणेवर एकदा टिचकी मारली की सारा डोंगर पूर्ववत उभा राहतो. येथे झाकणे घडले, नाश घडला नाही. याच्या उलट, सगळे लेअर एकत्र दाबून, सपाट करून ते चित्र जतन केले, तर गोष्ट निराळी होते. नेहमीच्या चित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. धुके पंचाण्णव टक्के दाट असेल तर डोंगराच्या छायाप्रकाशाचे सारे वैभव जेमतेम तेरा पायऱ्यांत कोंबले जाते, आणि पुढे कितीही कुशलतेने धुके पुसले तरी त्या तेरांच्या २५६ होत नाहीत, डोंगर पट्ट्यापट्ट्यांचा, खरवडलेला असा परत येतो. तेव्हा झाकणे आणि नष्ट करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, त्यांची गल्लत करता कामा नये, एवढे तर या कारखान्यात सप्रमाण सिद्ध होते.

आचार्यांच्या आक्षेपाचे हे उत्तर झाले, असे म्हणून मी येथे थांबलो असतो. पण प्रामाणिकपणे पाहता ते उत्तर अपुरे आहे. डोंगर परप्रकाशी आहे. त्याच्यावर पडलेला उजेड अडला, तरी डोंगर डोंगरच राहतो, कारण दिसणे हा त्याचा स्वभाव नव्हे. ज्याचे स्वरूपच प्रकाशणे आहे त्याचे काय? त्याचे प्रकाशणे थांबले, तर त्याचे काय शिल्लक राहिले म्हणावयाचे? रामानुजाचार्यांचा रोख डोंगराकडे नव्हता, दिव्याकडे होता. आणि म्हणून उत्तर शोधावयाचे तर धुक्यातला डोंगर सोडून धुक्यातल्या दिव्याकडे जावे लागते.

पण दिव्याकडे जाण्यापूर्वी धुके कशाचे घडले आहे ते पाहू. हवेत तरंगणारे जलबिंदू प्रकाशाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे ते सर्व रंगांना सारख्याच प्रमाणात विखरतात, आणि म्हणून धुके शुभ्र दिसते. १९२४ साली हाराल्ड कोश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने दृश्यमानतेचा जो नियम मांडला त्याचा आशय असा, की दूरच्या वस्तूकडून निघालेला प्रकाश अंतरागणिक क्षीण होत येतो, आणि त्याच वेळी वाटेतल्या बिंदूंनी विखरलेला सभोवतालचा उजेड त्याच वाटेने डोळ्यात भर घालीत येतो. वस्तूचा अंश जितका घटतो, तितका या परक्या उजेडाचा अंश वाढतो. काळोख जेव्हा एखादी वस्तू झाकतो, तेव्हा तो उजेड काढून घेतो. धुके उजेड काढून घेऊन थांबत नाही, ते उजेड आणून ओतते. एक किलोमीटरच्या आत दिसेनासे झाले की हवामानखाते त्या स्थितीस धुके म्हणते, आणि अशा सकाळी विश्वामित्रीच्या पुलावर उभे राहिले तर डोळ्यांना अंधार जाणवत नाही, चहूकडून भरून आलेली शुभ्रता जाणवते. चित्रकार म्हणूनच धुक्यासाठी ‘स्क्रीन’ ही मिश्रणपद्धती पसंत करतात, कारण त्या पद्धतीत वरचा लेअर खालच्याला फक्त उजळू शकतो, कधीही काळवंडवू शकत नाही. धुके काढून टाकण्याची विद्याही याचीच साक्ष देते: काइमिंग हे या नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की निरभ्र हवेतल्या बाहेरच्या चित्रात, आकाश सोडून, जवळजवळ प्रत्येक लहान तुकड्यात कोठे तरी, कोणत्या तरी एका रंगात, अगदी गडद कण असतो; तो गडदपणा जेथे जेवढा हरवला तेथे तेवढे धुके आहे असे समजावे. धुक्याचे माप त्यांनी हरवलेल्या काळोखाने घेतले.

अविद्येला आपण अंधकार म्हणत आलो, आणि त्या एका उपमेने आपल्या सगळ्या चर्चेची दिशा ठरवून टाकली. ईशावास्याच्या ऋषीने मात्र सत्याचे मुख झाकणारे पात्र सोन्याचे, म्हणजे स्वतः चकाकणारे, आहे असे पाहिले होते. आणि धुक्याचे हे गणित समजल्यापासून ती कल्पना मला अलंकार वाटेनाशी झाली आहे.

आता दिवा. सूरसागराच्या काठावरचे दिवे धुक्यात दाखवावयाचे असले, तर दिव्यावरून पांढरा लेअर फिरवून भागत नाही; तसे केले तर दिवा मळका दिसतो आणि चित्र तत्काळ खोटे पडते. दिव्याभोवती त्याच्याच रंगाचे तेज पसरवावे लागते, ते कडेकडेने विरत न्यावे लागते, आणि दिव्याची रेघ मात्र त्या तेजात बुडवून टाकावी लागते, कारण प्रत्यक्षात तसेच घडते. दिवा दिसेनासा होतो तो त्याच्याच प्रकाशाने. त्याला झाकणारे जे प्रभामंडल, ते दुसऱ्या कोणाकडून आलेले नाही. दिवा विझवला तर झाकणही त्याच क्षणी नाहीसे होते. या झाकण्यात प्रकाशाची उत्पत्ती अडली नाही आणि प्रकाशाचा नाशही झाला नाही, उलट प्रकाश होता त्यापेक्षा अधिक जागा व्यापून बसला. रामानुजाचार्यांच्या द्विविध विकल्पात न बसणारा तिसरा प्रकार तो हाच, असे मी आदरपूर्वक निवेदन करतो. बिंदू मात्र दिव्याचे नव्हेत, ते बाहेरून आले, असे कोणी म्हणेल. तो आक्षेप खरा आहे, आणि दृष्टान्त तेथवरच पोचतो.

त्या जागेपासून पुढे नेणारा आमचा वाटाड्या ज्ञानेश्वर आहे. अमृतानुभवाचे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे असून ते ग्रंथातले सर्वांत विस्तृत प्रकरण आहे, आणि त्यात ज्ञानदेवांनी जे केले ते अद्वैताच्या रूढ मांडणीहून फार वेगळे आहे. अज्ञान म्हणून काही भावरूप वस्तू आहे हेच ते मान्य करीत नाहीत. ते आत्म्यात राहते म्हणावे, तर आत्मा जड ठरतो. आत्म्याबाहेर राहते म्हणावे, तर बाहेर काही नाही. प्रमाणाने सिद्ध करावे, तर प्रमाण येताच ते उरत नाही. मग हे विश्व कशाचे? तर त्या एका वस्तूच्या स्वतःला पाहण्याचे; द्रष्टा आणि दृश्य ही त्याच तेजाची दोन टोके. उत्तरकालीन अभ्यासकांनी या मताला चिद्विलास म्हटले. ज्ञानदेव आक्षेपाचे उत्तर देत बसत नाहीत, ज्या झाकणावर आक्षेप आहे ते झाकणच प्रकाशाच्या खाती जमा करून टाकतात. ते बिंदू, जे आमच्या दृष्टान्तात बाहेरचे राहिले, तेही त्यांच्या हिशेबात दिव्याचेच.

याने माझे मन पुष्कळ निवते, पण एक शंका मागे राहते आणि ती दडपणे मला योग्य वाटत नाही. धुके प्रकाशाचेच घडलेले असले, तर त्यात वाट का चुकते? उत्तर उघड आहे: धुक्यात हरवतो तो भेद, उजेड हरवत नाही. झाड आणि आकाश यांमधला फरक पुसला जातो, आणि सर्वत्र एकरस शुभ्रता उरते. परंतु एकरस, निर्भेद असेच तर ब्रह्माचे वर्णन आपण ऐकत आलो! मग कोरी पांढरी चौकट आणि निर्विशेष ब्रह्म यांत फरक कोणता, आणि भेदाचा लोप म्हणजे ज्ञान की आंधळेपणा?

या प्रश्नाची एक साक्ष बडोद्यातच नोंदलेली आहे. १८९३ पासून १९०६ पर्यंत संस्थानच्या सेवेत राहिलेले अरविंद घोष, सुरतेच्या काँग्रेसनंतर, जानेवारी १९०८ मध्ये येथे आले असता विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली तीन दिवस एकांतात बसले. विचार आत उगवत नाहीत, ते बाहेरून येतात, येताना त्यांना पाहावे आणि आत शिरण्यापूर्वी परतवावे, एवढीच लेल्यांची सूचना होती. आणि त्या तीन दिवसांत अरविंदांचे मन संपूर्ण निःशब्द झाले. पुढे या अनुभवाविषयी लिहिताना त्यांनी सांगितले, की निर्गुण ब्रह्माच्या व्यापकतेत सारे जग त्यांना चलच्चित्रातल्या पोकळ आकृतींच्या खेळासारखे दिसू लागले. फाळक्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर यावयास तेव्हा अजून पाच वर्षे होती.

मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. अरविंद त्या शुभ्र निर्भेदात मुक्कामाला राहिले नाहीत. अनुभव खरा मानूनही त्यांनी तो अंतिम मानला नाही, आणि १९१४ पासून ‘आर्य’ मासिकात आपले तत्त्वज्ञान मांडताना जग मिथ्या आहे या पक्षाचे त्यांनी सविस्तर खंडन केले. एकत्व कायम ठेवून भेद परत यावेत, झाड झाड म्हणून आणि डोंगर डोंगर म्हणून, पण आता त्याच एका तेजाने भरलेले असे दिसावेत, हा त्यांचा आग्रह. ज्ञानदेवही अद्वैत सिद्ध करून भक्ती सोडत नाहीत. देव आणि भक्त यांचा भेद ते त्या ऐक्याच्या पोटातच सुखाने नांदू देतात. दोघांची भाषा निराळी, काळात सहा शतकांचे अंतर, तरी दोघांनाही कोरी चौकट पुरली नाही, हे मी फार मोठे प्रमाण मानतो.

कृत्रिम धुक्याच्या नीतीचाही निर्णय मला याच कसोटीवर करावासा वाटतो. घर विकण्याच्या जाहिरातीत शेजारचा उघडा नाला धुक्याखाली घालणे हा अपराध आहे, कारण पाहणारा त्या चित्रावर विसंबून आपली पुंजी खर्च करणार असतो, आणि तेथे त्याच्या हिताचा नेमका तोच भेद हेतुपुरस्सर पुसला गेलेला असतो. पावागडाच्या तसबिरीत मात्र धुके कड्यामागून कडा वेगळा करीत जाते. उन्हात एकमेकांना चिकटून सपाट भासलेले डोंगर त्याच्यामुळे अंतराअंतराने उभे राहतात, शिखर किती दूर आहे ते डोळ्यांना प्रथमच कळते. पातळ धुके भेद दाखवते आणि दाट धुके तोच भेद गिळते, आणि दोन्हींत पदार्थ एकच, फरक केवळ प्रमाणाचा. हे प्रमाण चित्रात चित्रकाराच्या ओपॅसिटीच्या पट्टीवर ठरते. आमच्या दृष्टीपुढच्या धुक्याचे प्रमाण साधकाच्या हाती आहे असे अरविंद मानीत आणि ते गुरुकृपेच्या हाती आहे असे ज्ञानदेव मानीत, एवढे म्हणणे सोपे आहे. पण लेल्यांनी एका सूचनेने तीन दिवसांत जे घडवले, त्यात साधकाचा हात किती आणि कृपेचा किती, याची वाटणी खुद्द अरविंदांनीही कोठे काटेकोर करून ठेवलेली मला आढळली नाही.